चित्र थांबल्याशिवाय हलत नाही

चोपडा तालुक्यातल्या एका शाळेच्या विज्ञानाच्या शिक्षिकेने विचारलं आहे : मुलांनी प्रदर्शनासाठी सिनेमाच्या आधीची यंत्रं करायला घेतली आहेत. पुठ्ठ्याचा झोएट्रोप, म्हणजे उभ्या फटी कापलेला गोल फिरता डबा, केला, आत धावणाऱ्या मुलाची १२ चित्रं लावली, पण फिरवला की नुसता करडा पट्टा दिसतो. प्रतिमा डोळ्यात सेकंदाचा सोळावा भाग टिकते म्हणून चित्र हलतं असं आपण शिकवतो, मग आमचं चित्र का हलत नाही? आणि ही यंत्रं टेबलावर कोणत्या क्रमाने मांडायची?

ताई, आधी तुमच्या करड्या पट्ट्याबद्दल बोलतो. तो पट्टा फेकून देऊ नका, त्यालाच प्रदर्शनात जागा द्या. डोळ्यात प्रतिमा टिकून राहिली की काय होतं, ते तो पट्टाच दाखवतो. आधीचं चित्र पुसलं जाण्याआधी पुढचं त्यावर येतं, त्यावर तिसरं, आणि सगळ्यांचा मिळून चिखल होतो. प्रतिमा टिकणं एवढ्यावरच चित्र हललं असतं, तर फटींची गरजच नव्हती. चित्रांची पट्टी डब्याला बाहेरून चिकटवून गरगर फिरवली तरी मुलगा धावला असता. तो धावत नाही.

माझी उमेदीची वर्षं टूरिंग टॉकीजच्या मशीनवर गेली. अमळनेर, मुक्ताईनगर, सारंगखेडा, जिथे यात्रा तिथे आमचा तंबू. मशीनवर बसणाऱ्याला पहिल्याच हंगामात एक गोष्ट कळते. फिल्म सतत सरकत नाही. ती भिंगामागच्या चौकटीत, म्हणजे गेटमध्ये, थांबते, उजेड पडतो, मग शटरचं पातं आडवं येतं, अंधारात फिल्म एक फ्रेम खाली ओढली जाते, पुन्हा थांबते. सेकंदाला २४ वेळा. शटरची वेळ जरा जरी चुकली तर फिल्म सरकत असतानाच उजेड पडतो, आणि पाटीवरची पांढरी अक्षरं वर-खाली ओढल्यासारखी दिसतात. पब्लिक शिट्ट्या मारायला लागतं. तुमच्या झोएट्रोपमध्ये नेमकं हेच झालं आहे. चित्र सरकत असताना दिसतंय. ते थांबलेलं दिसायला हवं, आणि दोन चित्रांच्या मध्ये अंधार हवा.

झोएट्रोपमध्ये तो अंधार फटींच्या मधला काळा पुठ्ठा देतो. म्हणून फट अरुंद हवी. रंगाच्या २० लिटरच्या बादलीएवढ्या डब्याला ३ ते ४ मिलिमीटर पुरे. मुलं नीट दिसावं म्हणून फट रुंद कापतात आणि तिथेच सगळं बिघडतं. जितकी फट अरुंद तितकं चित्र रेखीव, आणि तितकंच अंधुकही. ही ओढाताण या सगळ्या यंत्रांच्या इतिहासात शेवटपर्यंत दिसते. डबा बाहेरून डांबरासारखा काळा करा. फटी वरच्या अर्ध्या भागात, चित्रांची पट्टी खालच्या अर्ध्या भागात, आणि फटीतून समोरच्या बाजूचं चित्र बघायचं. उजेड वरून, थेट पट्टीवर पडायला हवा. स्वस्त एलईडी बल्ब टाळा. तो विजेबरोबर सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो, त्याचा आणि फटींचा मेळ बसत नाही आणि चित्र थरथरतं. आपल्याकडे उन्हाची ददात नाही, टेबल खिडकीपाशी घ्या. डबा सायकलच्या हबवर बसवला तर तो न डुगडुगता फिरतो. सेकंदाला एक फेरा, एवढाच वेग.

आणखी एक. झोएट्रोपमध्ये चित्र अंगाने बारीक दिसतं, कारण अलीकडची फट एका दिशेला जाते आणि पलीकडचं चित्र उलट दिशेला. म्हणून मुलांना आकृत्या थोड्या आडव्या ताणून काढायला सांगा. १२ फटींना १३ चित्रं लावली तर आकृत्या जागच्या जागी न धावता डब्याभोवती सरकत जातात. ही वेगळी पट्टी जरूर करा, मुलांना ती फार आवडते.

आता पुस्तकातल्या वाक्याबद्दल. प्रतिमा काही क्षण टिकते हे खरं आहे, आणि ते दाखवणारं खेळणंही वेगळं आहे. गोल पुठ्ठा, एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला पक्षी, दोन्हीकडे दोरी. पीळ देऊन सोडला की पक्षी पिंजऱ्यात. याला थॉमाट्रोप म्हणतात, १८२५ च्या सुमारास लंडनचे डॉक्टर जॉन एर्टन पॅरिस यांनी ते प्रसिद्धीला आणलं. यात दोन चित्रं एकमेकांत मिसळतात, पण काही हलत नाही. हलणं ही वेगळी घटना आहे. थोड्या फरकाची दोन चित्रं योग्य अंतराने, वेगवेगळी दिसली की मधला प्रवास आपला मेंदू स्वतः भरून काढतो. माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली नुसत्या दोन रेघा आळीपाळीने दाखवून हे सिद्ध केलं. जागेवरची रेघ एका ठिकाणाहून दुसरीकडे गेल्याचं लोकांना स्वच्छ दिसलं. तेव्हा थॉमाट्रोप आणि झोएट्रोप शेजारी शेजारी ठेवा, पण दोन्हींखाली एकच कारण लिहू नका. परीक्षकाने अडवलं तर करडा पट्टा फिरवून दाखवा.

क्रमाबद्दल तुम्ही विचारलं. एकामागून एक अशी सरळ रांग मांडू नका, ती खोटी ठरेल. दोन वेगळे ओढे होते. एक उजेडाचा : चित्र भिंतीवर मोठं कसं पाडायचं. दुसरा वेळेचा : हालचालीचे तुकडे कसे करायचे. दोनशे वर्षं हे ओढे जवळजवळ वेगळे वाहिले. टेबलाच्या दोन बाजू करा.

उजेडाच्या बाजूला सुरुवात अंधाऱ्या खोलीने होते. छोट्या छिद्रातून आलेला उजेड समोरच्या भिंतीवर बाहेरचं दृश्य उलटं पाडतो, हे चीनमध्ये मोझीच्या काळापासून, म्हणजे इसवी सनाच्या चार-पाचशे वर्षं आधीपासून माहीत होतं. पण त्याचा शिस्तीत अभ्यास केला तो बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैथमने, अकराव्या शतकाच्या आरंभी. तुमचा एखादा वर्ग यासाठी रिकामा करा. खिडक्या काळ्या कागदाने बंद करा आणि चष्म्याच्या दुकानातून अधिक अर्ध्या (+०.५) नंबरची, न कापलेली काच आणा. ती २ मीटरवर प्रतिमा पाडते. रुपयापेक्षा जरा मोठं भोक ठेवून बाकीची काच झाका, ती खिडकीत बसवा आणि २ मीटरवर पांढरी चादर धरा. अंगणातलं लिंबाचं झाड, सायकलवरून जाणारा माणूस, सगळं रंगीत, हलतं आणि उलटं दिसेल. आणि हे हलणं खरं हलणं आहे, तुकडे करून जोडलेलं नाही. मुलांना हा फरक बोलून दाखवा.

पुढचं पाऊल म्हणजे बाहेरच्या दृश्याऐवजी काचेवर रंगवलेलं चित्र आणि उन्हाऐवजी दिवा. हा जादूचा कंदील, मॅजिक लँटर्न. शोध कोणाचा म्हटलं की अजून बरेच जण आथानासिउस किर्शर या जेझुइट पाद्रींचं नाव घेतात. ते मला पटत नाही. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हॉयगन्स यांच्या १६५९ च्या कागदांत कंदिलासाठी काढलेली सांगाड्याची चित्रं आहेत, सांगाडा आपलीच कवटी काढून हातात घेतो अशी. किर्शर यांच्या ग्रंथाच्या १६७१ च्या आवृत्तीत कंदिलाचं चित्र छापलं आहे, त्यात रंगवलेली काच भिंगाच्या पुढे दाखवली आहे. तसा कंदील बनवला तर पडद्यावर काही उमटणार नाही, तुम्ही करून पाहा. काच दिवा आणि भिंग यांच्या मध्येच हवी, आणि उलटी घालावी लागते. हॉयगन्स यांना स्वतःला या खेळण्याची लाजच वाटायची. १६६२ मध्ये वडिलांनी फ्रेंच दरबारात दाखवायला कंदील मागितला, तेव्हा तो चालू नये म्हणून एक भिंग काढून टाक असं त्यांनी भावाला लिहिलं होतं. शनीची कडी ओळखणारा माणूस भुताखेतांच्या खेळासाठी ओळखला जाईल, ही त्यांची भीती. कंदील गावोगाव नेला तो डेन्मार्कच्या थॉमस वाल्गेनस्टीनने.

खेळ म्हणून कंदिलाची ताकद पॅरिसला एत्येन-गास्पार रॉबर्टसनने दाखवली. १७९९ पासून एका ओसाड पडलेल्या मठात तो प्रयोग करायचा. कंदील पडद्याच्या मागे, चाकांवर. मागेपुढे ढकलताना भिंग जुळवत राहायचं, म्हणजे भूत लहानाचं मोठं होत थेट अंगावर आल्यासारखं वाटायचं. लोकांना कंदील दिसतच नव्हता. आमच्या तंबूतही पडद्यामागे बसणारं गिऱ्हाईक असायचं, त्यांना पाट्या उलट्या दिसायच्या, पण कापडातून पार येणारा उजेड किती चांगला दिसतो हे त्यांना विचारावं.

आपल्या मराठी मुलखात कंदिलाचं मोठं काम कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी केलं. 'शांबरिक खरोलिका' या नावाने १८९२ पासून ते आणि त्यांचे मुलगे हाताने रंगवलेल्या काचा दाखवत. रामायणातल्या कथा, निवेदन, आणि काचा एकापुढे एक बदलून हालचालीचा भास. मुंबईत फ्रान्सच्या लूमिएर बंधूंची हलती चित्रं, म्हणजे सिनेमा, आली ती ७ जुलै १८९६ ला, वॉटसन हॉटेलात. म्हणजे पडद्यावर रंगीत, बोलकी कथा बघायची सवय आपल्या लोकांना त्याच्या आधीपासून होती. तुमच्या टेबलावर पटवर्धनांचं नाव मोठ्या अक्षरांत असायला हवं.

कंदील बनवताना दिवा म्हणून चांगली एलईडी विजेरी घ्या. विजेरी बॅटरीवर चालत असल्याने घरच्या बल्बसारखी मिणमिणण्याची फारशी अडचण येत नाही. दिव्यापुढे एक जाड फुगीर भिंग लावाच. ते नसेल तर पडद्यावर मधोमध झळाळी आणि कडांना काळोख दिसतो. काचेवर पोस्टर रंग चालत नाही, तो उजेड अडवतो. पारदर्शक काचरंग लागतो.

आता वेळेची बाजू. इथे मला रेंगाळायला आवडतं. १८२४ मध्ये पीटर मार्क रॉजे यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. उभ्या फटींतून पाहिलं तर फिरत्या चाकाचे आरे वाकलेले दिसतात, ते का, एवढाच त्याचा विषय. मुलांना कळकाच्या पट्ट्यांच्या ताटीतून बैलगाडीचं चाक बघायला सांगा, तेही पाहतील. १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी दोन दातेरी चाकं एकामागे एक फिरवून असेच प्रयोग केले. त्यातून धागा पकडला बेल्जियमच्या जोसेफ प्लातो यांनी. १८३२ च्या अखेरीला त्यांनी कडेला फटी असलेली एक तबकडी केली, त्यावर गोलाकार चित्रं. ती आरशासमोर धरायची, फिरवायची आणि मागून फटीतून आरशात बघायचं. याचं नाव फेनाकिस्टिस्कोप. त्याच सुमाराला व्हिएन्नात सिमोन स्टाम्फर यांनी, प्लातोंशी काहीही संबंध नसताना, हीच तबकडी केली. इथे पहिल्यांदा माणसाने काढलेलं चित्र खरोखर हललं. पुढे १८३४ मध्ये विल्यम जॉर्ज हॉर्नर यांनी तबकडीचा डबा केला. तो डबा तीसेक वर्षं पडून राहिला आणि १८६० च्या दशकात झोएट्रोप म्हणून अमेरिकेत-युरोपात घराघरांत पोचला.

प्लातो यांनी तरुणपणी एका प्रयोगासाठी सूर्याकडे टक लावून पाहिलं होतं, आणि १८४३ च्या सुमारास ते पूर्ण आंधळे झाले. दोन्हींमध्ये बरीच वर्षं गेली, आज डोळ्याचा जुनाट आजार हेच कारण मानतात. तरी मुलांना सूर्याकडे पाहू देऊ नका. आंधळेपणातही बायको, मुलगा आणि जावई यांच्या डोळ्यांनी त्यांनी साबणाच्या पातळ पडद्यांवरचे प्रयोग चालूच ठेवले. या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. ज्याने जगाला हलतं चित्र दाखवलं, त्याने आयुष्याचा उत्तरार्ध काळोखात, पण कामात घालवला.

इथपर्यंत चित्रं मनाने काढलेली होती. खऱ्या हालचालीचे तुकडे घ्यायला फोटो हवा होता, आणि पटकन निघणारा फोटो. तुम्ही सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार पाहिला असेल. जातिवंत गिऱ्हाईक आधी चाल बघतं. चौखूर उधळलेल्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमीन सोडतात का, हा वाद नुसत्या डोळ्याने मिटत नाही. कॅलिफोर्नियात लेलँड स्टॅनफर्ड या धनाढ्य घोडेमालकाला हेच हवं होतं. १८७८ च्या जूनमध्ये एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे मांडले, आडवे धागे बांधले, घोडीने धागा तोडला की कॅमेरा उघडायचा. उत्तर मिळालं : चारही पाय सुटतात, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले घोडे रंगवत आले होते, ते चुकीचं निघालं. पुढच्या वर्षी मायब्रिजने ही चित्रं काचेच्या तबकडीवर रंगवून कंदिलापुढे फिरवली. त्या तबकड्यांवरचे घोडे मुद्दाम लांबट ताणलेले आहेत, झोएट्रोपबद्दल वर सांगितलेल्या त्याच कारणाने.

मायब्रिजला कॅमेऱ्यांची रांग लागली. फ्रान्सच्या एत्येन-झ्यूल मारे यांनी ते एका बंदुकीत बसवलं : १८८२ ची फोटोची बंदूक, सेकंदाला १२ चित्रं, नेम उडत्या पक्ष्यांवर. त्याच्या आधी १८७४ मध्ये झ्यूल जान्सन यांनी शुक्राचं सूर्यावरून होणारं संक्रमण टिपायला असंच फिरतं पिस्तूल जपानला नेलं होतं. हेच जान्सन १८६८ च्या खग्रास ग्रहणाला आपल्या गुंटूरला आले होते. वेळेचे तुकडे करणारी ही माणसं करमणूकवाली नव्हती, शास्त्रज्ञ होती. मारे यांना पडद्यावर घोडा धावताना बघण्यात रस नव्हता. तो तर डोळ्यांना दिसतोच, असं त्यांचं मत. त्यांना थांबलेला घोडा हवा होता.

दोन्ही ओढे जोडण्याचा खरा प्रयत्न मला १८६६ च्या एका साध्या काचेत दिसतो. लंडनचे डॉक्टर लायोनेल बील यांनी कंदिलात घालायची सांगाड्याच्या चित्रांची एक लांब पट्टी केली. मूठ फिरवली की पट्टी झटक्याने एक घर सरकायची, थांबायची, आणि सरकताना एक झडप उजेड अडवायची. सांगाडा पडद्यावर नाचायचा. आमच्या मशीनमधल्या माल्टीज क्रॉसची, म्हणजे फिल्म थांबवत थांबवत सरकवणाऱ्या चाकाची, आणि शटरची ही थेट पूर्वज. इतिहासाच्या लोकप्रिय पुस्तकांत तिला दोन ओळी मिळतात, हे बरोबर नाही.

एमिल रेनो यांनी वेगळी वाट धरली. १८७७ मध्ये त्यांनी डब्याच्या मध्यभागी आरसे बसवून फटीच काढून टाकल्या, म्हणजे चित्र लख्ख दिसायला लागलं. पुढे भोकं पाडलेल्या लांब पट्टीवर शेकडो चित्रं स्वतः रंगवून २८ ऑक्टोबर १८९२ पासून पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयात ती पडद्यावर दाखवली. पाच लाखांवर लोकांनी ती पाहिली. सिनेमा आल्यावर धंदा बुडाला आणि निराशेत त्यांनी बहुतेक पट्ट्या सेन नदीत टाकल्या. आपल्याकडेही पटवर्धनांसारख्यांचा कंदील सिनेमापुढे मागेच पडला.

खान्देशच्या शाळेने स्टिरिओस्कोप ठेवलाच पाहिजे. यात काही हलत नाही, पण दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दिली की मेंदू खोली निर्माण करतो, म्हणजे तत्त्व शेजारचंच. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये तो मांडला. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याची भित्तिचित्रं उतरवून घेत होते. त्यांची बरीच चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पण त्यांनी अजिंठ्याचे जोडफोटोही काढले होते आणि १८६४ मध्ये ते लंडनमध्ये छापले गेले. हे गिल १८७९ मध्ये वारले, त्यांची कबर भुसावळला आहे. लेण्यांच्या बाहेरून मोबाईलवर एक फोटो काढा, मोबाईल साडेसहा सेंटिमीटर सरळ आडवा सरकवून दुसरा काढा आणि दोन्ही शेजारी छापा. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या जातककथांनाच सिनेमा म्हणायचा मोह मात्र आवरा. तिथे चित्र जागेवर असतं आणि बघणारा चालतो. ती कथनाची थोर कला आहे, तिला प्रकाशयंत्रांच्या रांगेत बसवायची गरज नाही.

शेवटी एडिसन आणि लूमिएर. एडिसनच्या कारखान्यात डब्ल्यू. के. एल. डिक्सन यांनी ३५ मिलिमीटरची फिल्म ठरवली, तीच मी आयुष्यभर हाताळली. पण त्यांची पेटी एका वेळी एकालाच वरून डोकावून बघता यायची आणि फिल्म तिच्यात न थांबता धावायची, अगदी अरुंद फटीमागून. अरुंद फट म्हणजे कमी उजेड, आणि एवढ्या उजेडात पडदा भरत नाही. लूमिएर बंधूंनी फिल्म थांबवली : सेकंदाला १६ वेळा, हुकासारख्या आकड्यांनी ओढून. २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये तिकीट लावून खेळ झाला, तेव्हा त्यांच्या पेटीमागे उजेडासाठी लावलेला दिवा जादूच्या कंदिलाचाच होता. म्हणून टेबलाच्या दोन्ही बाजू जिथे मिळतात तिथे लूमिएर यांचं नाव लिहा.

त्यांच्या यंत्राचं मॉडेल करायला जाऊ नका, पुठ्ठ्यात ते जमणार नाही. फिल्म ओढून थांबवायची कल्पना लुई लूमिएर यांना शिलाई मशीनवरून सुचली होती. कोणाच्या तरी घरचं पायाचं मशीन आणा, सुईत दोरा न घालता कापडाऐवजी कागदाची पट्टी घाला आणि चाक हाताने सावकाश फिरवा. सुई खाली असेपर्यंत पट्टी जागची हलत नाही, सुई वर उचलली की दाते तिला एक घर पुढे सरकवतात. टाक्यांमधलं अंतर सगळ्यात मोठं ठेवा, म्हणजे लांबूनही दिसतं, आणि लहान मुलांची बोटं सुईपासून दूर ठेवायला एक मोठा विद्यार्थी तिथे उभा करा.